नाथमाधव

मुंबईस कुलाब्याच्या तोफांच्या कारखान्यात द्वारकानाथ माधव पितळे नावाचा एक तरुण नोकरीस होता. त्याचा जन्म १८८२ सालचा. बंदूक घेऊन रानावनांत हिंडण्याची त्यास मोठी हौस. एकदा शिकारीसाठी तो सिंहगडावर गेला असता कड्यावरून खाली कोसळला. जीव वाचला, परंतु कमरेखालचे अंग लुळे पडले. ज्याच्या पायांना डोंगरही ठेंगणे वाटत, त्याला आता कुशीवर वळणेही जड झाले.

रुग्णालयातील दिवस सरता सरेनात. तेव्हा त्याने पुस्तके हाती घेतली. पडल्यापडल्या पुस्तकामागून पुस्तक तो वाचू लागला आणि त्या वाचनातूनच आपणही लिहावे ही इच्छा त्याच्या मनात उपजली. आपल्या व वडिलांच्या नावांतून त्याने ‘नाथमाधव’ हे टोपणनाव घेतले. १९०८ साली ‘प्रेमवेडा’ ही त्यांची कादंबरी निघाली.

त्या काळी कादंबरी वाचणारे मूल घरातील वडीलधाऱ्यांच्या नजरेतून सुटत नसे. त्यातही रहस्यकथा म्हणजे निव्वळ वेळेचा अपव्यय, असे पुष्कळांस वाटे. हरिभाऊ आपट्यांच्या सामाजिक कादंबऱ्या आवडीने वाचणारे गंभीर वाचक अशा पुस्तकांकडे सहसा वळत नसत. नाथमाधवांनी मात्र ही वाट टाळली नाही. १९१३ साली त्यांची ‘वीरधवल’ ही अद्भुत आणि रहस्यमय कादंबरी प्रसिद्ध झाली. ‘सोनेरी टोळी’ हीदेखील त्यांचीच.

रहस्यकथेची रचना वरवर दिसते तितकी सोपी नसते. शेवट लेखकास आधी ठाऊक असावा लागतो. तो वाचकापासून दडवावा लागतो. आणि तरीही त्याच्या खुणा वाटेत पेरून ठेवाव्या लागतात. खुणा थोड्या पडल्या तर वाचकास फसवल्यासारखे वाटते. अधिक पडल्या तर गुपित आधीच फुटते. दबा धरून वाट पाहणाऱ्या शिकाऱ्याच्या अंगी जी चिकाटी लागते, तीच येथेही कामी येते.

पुढे नाथमाधव सामाजिक विषयांकडे वळले. ‘डॉक्टर’ ही कादंबरी त्यांपैकीच. नंतर शिवकालावर ‘स्वराज्याचा श्रीगणेशा’, ‘स्वराज्याची स्थापना’ अशी मालिकाच त्यांनी लिहिली. ज्या सिंहगडाने त्यांचे पाय नेले, तो ज्या स्वराज्यातला, त्याच स्वराज्याच्या कथा ते बसल्या जागेवरून सांगत राहिले. १९२८ साली, वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी ते निवर्तले.