दोन विद्यापीठांनी हाकललेल्या प्रोफेसरनं शेतात असं गणित मांडलं की पुन्हा नोकरी मागायची वेळच आली नाही

सोशल मीडिया उघडला की दर चार दिवसांनी एक रील हमखास दिसतं. कुणीतरी शहरातली लाखाच्या पगाराची नोकरी सोडलीय, गावाकडं चार एकर घेतलंय, मातीचं घर बांधलंय, ताटातलं सगळं घरचं पिकवतोय. मागं बासरीचं म्युझिक. खाली कमेंट्समध्ये निम्मे लोक म्हणतात, स्वप्न आहे राव. उरलेले विचारतात, ते सगळं ठीक आहे, पण महिन्याला सुटतात किती?

हा प्रश्न आजचा नाही. नव्वदेक वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या एका नवरा-बायकोनं तो सोडवायला घेतला आणि जवळपास अर्धशतक सोडवत राहिले. सत्तरच्या दशकात अमेरिकेतली हजारो पोरं शहर सोडून शेतीकडं पळाली, त्यातल्या बऱ्याच जणांच्या पिशवीत या दोघांचं पुस्तक होतं.

त्यांची नावं स्कॉट आणि हेलन निअरिंग. ही गोष्ट मुख्यतः स्कॉटची.

तर स्कॉट निअरिंगचा जन्म ६ ऑगस्ट १८८३ चा. गाव पेनसिल्व्हेनिया राज्यातलं मॉरिस रन. कोळशाच्या खाणींचं गाव, आणि स्कॉटचे आजोबा त्या खाणींचा कारभार बघायचे. म्हणजे घर खाऊनपिऊन सुखी. पण गावात खाणकामगार कसे जगतात हे पोरानं लहानपणापासून बघितलं होतं.

पुढं स्कॉट पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात शिकला आणि तिथल्याच व्हॉर्टन स्कूलमध्ये अर्थशास्त्र शिकवायला लागला. आज जगभरातली पोरं एमबीएसाठी ज्या व्हॉर्टनचं स्वप्न बघतात, तेच हे व्हॉर्टन. विद्यार्थ्यांमध्ये गडी जाम लोकप्रिय. पण त्याला एक सवय होती. जे पुस्तकात शिकवायचा तेच बाहेर सभेत बोलायचा. त्या काळात अमेरिकेत लहान पोरं गिरण्या आणि खाणींमध्ये सर्रास राबायची. स्कॉट त्याविरोधात उघड बोलत होता, लिहीत होता.

आता गंमत अशी की विद्यापीठाच्या विश्वस्त मंडळावर माणसं होती उद्योग आणि पैशाच्या जगातली. १९१५ च्या उन्हाळ्यात, कॉलेजला सुट्टी लागलेली असताना त्याचा करार पुढं चालू ठेवायचा नाही असं ठरलं. कारण काय, ते सांगितलं नाही. देशभर गदारोळ झाला. प्राध्यापकाला आपलं मत मांडायचा हक्क आहे का, यावरच्या अमेरिकेतल्या सुरुवातीच्या मोठ्या वादांमध्ये आजही ही केस मोजली जाते.

स्कॉटनं दुसरी नोकरी धरली, टोलेडो विद्यापीठात. तोवर पहिलं महायुद्ध पेटलं होतं आणि हा युद्धाच्या विरोधात. १९१७ मध्ये तिथूनही गच्छंती.

नोकरी गेली एवढ्यावर भागलं नाही. युद्धाविरोधात पुस्तिका लिहिली म्हणून हेरगिरीविरोधी कायद्याखाली खटला भरला गेला. सैन्यभरतीत अडथळा आणला असा आरोप. १९१९ मध्ये निकाल लागला तो भन्नाटच. लिहिणारा स्कॉट निर्दोष सुटला, आणि ती पुस्तिका छापणाऱ्या संस्थेला ३००० डॉलर दंड झाला.

सुटला खरा, पण विद्यापीठांची दारं बंद झाली ती झालीच. मोठ्या प्रकाशकांनीही पाठ फिरवली. १९२७ मध्ये तो कम्युनिस्ट पक्षात गेला. तिथं पुस्तकातली मतं पक्षाच्या लायनीत बसेनात, म्हणून १९३० मध्ये तिथूनही बाहेर. पहिली बायको नेली आणि दोन मुलं यांचा संसारही तोवर वेगळा झाला होता.

सत्तेचाळीस वर्षांचा माणूस. डॉक्टरेट आहे, डझनावारी पुस्तकं नावावर आहेत, आणि त्याला कामावर ठेवायला कुणी तयार नाही.

हेलन आयुष्यात आली

हेलन नोद १९०४ ची, म्हणजे स्कॉटपेक्षा वीस वर्षांनी लहान. न्यू जर्सीतल्या सुखवस्तू घरातली, व्हायोलिन शिकलेली. घरचे थिऑसॉफिस्ट. त्यामुळं तिच्या गोष्टीत एक नाव येतं जे आपल्याला चांगलंच माहितीय, जे. कृष्णमूर्ती. १९२१ मध्ये हॉलंडमध्ये दोघांची भेट झाली, जीव जडला, पत्रं सुरू झाली. त्या वर्तुळात वावरताना हेलन भारत आणि ऑस्ट्रेलियाही बघून आली. पुढं ते नातं विरलं.

१९२८ च्या सुमारास ती स्कॉटबरोबर राहायला लागली. न्यूयॉर्कमध्ये भाड्याची साधी खोली. वर्षभरात महामंदी आली. धान्य आहे, पण घ्यायला लोकांकडं पैसे नाहीत. घरं आहेत, पण भाडं भरता येत नाही. स्कॉट अर्थशास्त्राचा माणूस. त्यानं विचार केला, पैसे नसताना जगायचं असेल तर अशा ठिकाणी जावं जिथं पोटाला लागणारं आपण पिकवू शकतो आणि डोक्यावरचं छप्पर आपल्याच मालकीचं असतं.

१९३२ मध्ये दोघांनी व्हरमाँट राज्यातल्या डोंगराळ भागात एक मोडकळीला आलेलं शेत घेतलं. ३०० डॉलर रोख आणि ८०० डॉलरचं गहाणकर्ज. जमीन खडकाळ, हिवाळा मरणाचा, पिकाचा हंगाम जेमतेम काही आठवड्यांचा. स्थानिक माणसं तिथून निघून चालली होती, आणि हे दोघं तिथं राहायला आले.

गणित नेमकं काय होतं?

इथं बहुतेकांचा एक गैरसमज होतो. स्वयंपूर्ण म्हणजे मीठापासून कपड्यापर्यंत सगळं घरचं, असं आपल्याला वाटतं. निअरिंग जोडप्यानं तो हट्ट धरलाच नाही. गरजेच्या किमान निम्म्या वस्तू स्वतः तयार करायच्या, एवढंच उद्दिष्ट ठेवलं. बाकीच्यासाठी रोकड लागणार हे त्यांनी पहिल्या दिवसापासून मान्य केलं होतं. जमिनीचा कर भाजीत भरता येत नाही.

मग रोकड आणायची कुठून? उत्तर डोंगरावरच होतं. मेपलची झाडं.

मेपल सिरपचा धंदा समजून घ्यायचा तर आपलं गुऱ्हाळ डोळ्यांसमोर आणा. हिवाळा संपताना, रात्री गोठवणारी थंडी आणि दिवसा थोडी ऊब अशा दिवसांत झाडाच्या खोडाला भोक पाडतात. त्यातून थेंब थेंब पाण्यासारखा गोडसर रस येतो. तो भट्टीवर आटवायचा. ४० लिटर रस आटवला की साधारण एक लिटर सिरप हातात येतं, म्हणजे आपली काकवीच म्हणा. आणखी आटवलं की साखर. हंगाम महिना-दीड महिन्याचा. त्यात रात्रंदिवस काम, पण त्यातून वर्षाच्या रोकडीचं काम भागायचं.

आणि भागलं की थांबायचं. खरा ट्विस्ट हाच आहे. वर्षाच्या सुरुवातीला ते बसून हिशोब करायचे, यंदा किती पैसे लागतील. तेवढे जमले की जास्तीचं उत्पादन करायचं नाही. उरलेला वेळ आपला.

दिवसाचेही तीन तुकडे केले होते. चार तास शरीरश्रम. चार तास वाचन, लेखन, संगीत. चार तास माणसांसाठी, गावासाठी. गांधी-विनोबांचं शरीरश्रमाचं तत्त्व आपल्याकडं शाळेत शिकवतात. इथं एक अमेरिकन जोडपं त्याचं टाइमटेबल लावून जगत होतं.

शेतात जनावर एकही नाही. गाय नाही, कोंबडी नाही. दोघंही शाकाहारी, दूध-अंड्यांवरही भर नाही. यामागं तत्त्व होतं तसा व्यवहारही होता. घरी गुरं असलेल्याला विचारा, लग्नाला परगावी जायचं म्हटलं तरी धार कोण काढणार हा प्रश्न असतो. निअरिंगांना तो नव्हता. शेतीचं काम नसलेल्या दिवसांत स्कॉट खुशाल भाषणांच्या दौऱ्यावर जायचा.

शेणखत नाही, मग जमीन कशी सुधारली? पालापाचोळा, तण, गवत आणि माती यांचे थर लावून कंपोस्ट. बटाटा, गाजर, बीट, कोबी हिवाळ्यासाठी तळघरात ठेवायचे, मुळांच्या भाज्या तर वाळलेल्या पानांच्या थरात. जेवण म्हणजे फळं, सूप, सॅलड, उकडलेलं धान्य. लाकडी वाडग्यात वाढलेलं. शेजाऱ्यांना हा प्रकार विचित्रच वाटायचा.

घरंही स्वतः बांधली, दगडाची. लाकडी साचा उभा करायचा, सपाट बाजू बाहेर ठेवून दगड रचायचे, मागं काँक्रीट भरायचं, सुकलं की साचा वर सरकवायचा. फिरायला गेलं की चांगला दगड उचलून आणायचा आणि कोपऱ्याचा, चुलीचा, जमिनीचा असे वेगवेगळे ढीग लावायचे. वर्षानुवर्षं हेच.

१९४७ मध्ये दोघांनी रीतसर लग्न केलं. १९५० मध्ये मेपल साखरेवर पुस्तक आलं, त्यामागं आग्रह होता नोबेल विजेत्या लेखिका पर्ल बक यांचा.

मग ते तिथून उठले का?

भागात स्कीइंगचा धंदा आला. पर्यटक आले, जमिनीचे भाव चढले. लोणावळा-अलिबागकडच्या माणसाला वेगळं सांगायला नको. निअरिंगांकडं तोवर डोंगरावरचं शेकडो एकर जंगल होतं, कवडीमोलानं घेतलेलं. विकलं असतं तर चांदीच चांदी. त्यांनी ते विन्हॉल गावाला देऊन टाकलं. न केलेल्या कामाचा पैसा घ्यायचा नाही, हा स्कॉटचा जुना नियम.

१९५२ मध्ये, वयाच्या अडुसष्टाव्या-एकोणसत्तराव्या वर्षी, स्कॉटनं मेन राज्यात समुद्रकाठी पुन्हा शून्यापासून सुरुवात केली. इथं मेपलच्या जागी ब्लूबेरी. बागेभोवती दगडी भिंत, तळं खणलं ते फावडं आणि ढकलगाडीनं.

१९५४ मध्ये व्हरमाँटच्या अनुभवावरचं ‘लिव्हिंग द गुड लाइफ’ हे पुस्तक त्यांनी स्वतःच छापलं. फारसं कुणी विचारलं नाही. १९७० मध्ये ते पुन्हा निघालं आणि वेळ बरोबर जुळली. व्हिएतनाम युद्धाला आणि चकचकीत शहरांना कंटाळलेली पिढी त्या पुस्तकावर तुटून पडली. निअरिंगांच्या दारात माणसांची रीघ लागली. आलेल्याला जेवण मिळायचं, पण आधी हातात फावडं. शेवटी गर्दी इतकी वाढली की दुपारी तीन ते पाच हीच भेटायची वेळ अशी पाटी लावावी लागली.

१९६८ मध्ये एलियट कोलमन नावाच्या एका तरुणाला त्यांनी स्वतःच्या जमिनीतला तुकडा विकला, स्वतः घेतला होता त्याच भावानं. हाच कोलमन पुढं अमेरिकेत सेंद्रिय भाजीपाल्याचं मोठं नाव झाला.

पण सगळं खरंच शेतातून निघत होतं का?

आता कमेंटमधल्या त्या प्रश्नाकडं येऊ. महिन्याला सुटतात किती?

त्यांच्याच शेजारी राहिलेल्या माणसांनी पुढं लिहिलं की चित्र पुस्तकात दिसतं तितकं स्वच्छ नव्हतं. वारसाहक्कानं आलेला पैसा होता. पुस्तकं आणि भाषणांचं उत्पन्न होतं. सत्तरच्या दशकात फुकट राबणारे शेकडो तरुण हात होते. आणि या घरात लहान मूल नव्हतं. स्कॉटची मुलं केव्हाच मोठी झाली होती. शाळेची फी नाही, रात्री तापानं फणफणलेलं पोर नाही. चार तास शेती आणि चार तास पुस्तकं हे टाइमटेबल ज्या घरात पाळणा हलतो तिथं कसं चालणार? त्यांच्या मागं जाऊन शेतीत उतरलेली कितीतरी जोडपी याच ठिकाणी अडकली आणि शहरात परतली.

गावाला सोबत घेण्यातही ते कमी पडले, आणि हे त्यांनी पुस्तकात स्वतः मान्य केलंय. स्कॉटचं राजकारणही सगळ्यांना पटणारं नव्हतं. सोव्हिएत रशियाकडं तो बराच काळ मऊ नजरेनंच बघत राहिला.

तरीही एक गोष्ट उरते. स्कॉटला या शेतातून श्रीमंती नकोच होती. जिथून कुणी काढू शकणार नाही अशी जागा त्याला हवी होती, आणि ती त्याला मिळाली. ६ ऑगस्ट १९४५, त्याचा बासष्टावा वाढदिवस. त्याच दिवशी हिरोशिमावर बॉम्ब पडला. त्यानं थेट राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांना पत्र लिहून या सरकारशी आपलं नातं संपलं असं कळवलं. असं पत्र लिहिताना उद्या पगार होईल का, याची काळजी त्याला नव्हती.

१९७३ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठानं त्याला मानद निवृत्त प्राध्यापक केलं. काढून टाकल्यावर ५८ वर्षांनी. तेव्हा म्हातारा नव्वदीत होता, आणि हेलनच्या डोक्यात अजून एक दगडी घर बांधायचं चाललं होतं. तेही बांधून झालं.

१९८३ मध्ये शंभरी जवळ आली तसं शरीर साथ देईना. स्कॉटनं ठरवलं, आता जेवायचं नाही. आधी फळांचा रस, मग फक्त पाणी. आपल्याला हे नवीन नाही. आदल्याच वर्षी पवनारला विनोबांनी असाच निरोप घेतला होता. शंभरावा वाढदिवस झाल्यावर १८ दिवसांनी, २४ ऑगस्ट १९८३ ला, स्कॉट घरीच गेला. हेलन १९९५ मध्ये कार अपघातात गेली.

मेनमधलं ते दगडी घर आजही उभं आहे आणि लोक ते बघायला जातात. तुम्हीही नोकरी सोडून गावाकडं जायचा विचार करत असाल, तर शेत किती एकर घ्यायचं हे नंतर बघा. आधी निअरिंग करायचे तसा एक हिशोब कागदावर मांडा. वर्षाला नेमके किती पैसे पुरतील, ते कोणत्या एका पिकातून येतील, आणि घरातलं कोण किती तास राबणार आहे. तिसरा आकडा लिहिताना बायकोला, आईला, पोरांना विचारून लिहा.