निर्णयाचे धैर्य : लक्ष्मणराव किर्लोस्कर

आमच्या वसतिगृहातून बाहेर पडलेले काही विद्यार्थी आज नोकरीची वाट सोडून स्वतःचा उद्योग उभारू पाहत आहेत. भांडवल कोठून आणावे, हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. त्यांच्यापुढे आम्ही लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचे चरित्र ठेवू इच्छितो.

२० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे त्यांचा जन्म झाला. चित्रकलेच्या ओढीने ते मुंबईच्या जे. जे. कलाविद्यालयात दाखल झाले. परंतु काही रंग त्यांना नीट ओळखता येत नसल्याचे आढळले आणि ते स्वप्न मावळले. त्यांनी हताश न होता यांत्रिक रेखांकन आत्मसात केले व व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेत ते शिक्षक झाले. तेथे हक्काची बढती डावलली गेली, तेव्हा स्थिर पगार सोडून ते बेळगावला आले. बंधू रामूअण्णांसह त्यांचा सायकलींचा व्यवसाय होताच. त्यातूनच कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर यांच्याकडे ते वळले.

खरी कसोटी येथे लागली. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली. तरीही लक्ष्मणराव मागे हटले नाहीत.

पुढे बेळगावची जागा सोडण्याची पाळी आली. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी जमीन व कर्ज देऊ केले. निवडुंगांनी भरलेल्या, सापांचा वावर असलेल्या त्या माळावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. आपल्या कुटुंबासह कामगारांची कुटुंबे तेथे नेण्याचा निर्णय सोपा नव्हता. त्याहून कठीण निर्णय सामाजिक होता. त्या काळीही वाडीत अस्पृश्यता पाळावयाची नाही, असे त्यांनी ठरविले. शिक्षा भोगून आलेल्या माणसांवर त्यांनी पहाऱ्याचे काम विश्वासाने सोपविले.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचे धैर्य म्हणजे आंधळे साहस नव्हते. हाती कसब होते, मालाच्या उपयुक्ततेविषयी खात्री होती आणि नुकसान सोसण्याची तयारी होती. निर्णय त्यांनी या तिन्हींच्या बळावर घेतले. भांडवल मागाहून आले. उद्योगाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या आमच्या माजी विद्यार्थ्यांनी, आणि त्यांची काळजी वाहणाऱ्या पालकांनीही, हा क्रम ध्यानी घ्यावा, एवढीच आमची अपेक्षा आहे.