नाव लावण्याचा हक्क

फुटबॉल संघांची नावे जमवण्याचा एक निरुपद्रवी छंद मला गेली काही वर्षे जडला आहे. खेळात माझी गती यथातथाच. पण एखाद्या संघाचे नाव असे का, या प्रश्नाच्या मागे लागलो की ग्रंथालय बंद होण्याची घंटा झाली तरी उठवत नाही. कोल्हापूरकडच्या वाचकांना यात नवल वाटणार नाही. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही सारी नावे तालमींची. पण त्या तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर फुटबॉल खेळतात आणि अवघे शहर त्यांच्यासाठी दोन तट पाडून भांडते. परदेशातही हाच प्रकार. अर्जेंटिनातल्या रोसारिओ शहरात ‘न्यूवेल्स ओल्ड बॉईज’ म्हणून संघ आहे. आयझॅक न्यूवेल नावाच्या इंग्रज मास्तरांच्या शाळेशी नाते सांगणारा तो माजी विद्यार्थ्यांचा संघ, १९०३ साली निघालेला. हॉलंडमधल्या टिलबर्गचा संघ चक्क एका राजाचे नाव लावतो, ‘विलेम दुसरा’. रिओमधला ‘वास्को द गामा’ हा मुळात नौकानयन मंडळ म्हणून १८९८ साली निघाला, कारण त्या वर्षी गामाच्या भारतयात्रेला चारशे वर्षे पुरी झाली होती. चिलीतला ‘कोलो-कोलो’ तिथल्या मापुचे आदिवासींच्या एका जुन्या नायकाची आठवण ठेवतो.

याच चिलीत, राजधानी सान्तियागोच्या दक्षिणेला रांकाग्वा नावाचे गाव आहे आणि तिथल्या संघाचे नाव आहे ‘ओ’हिगिन्स’. स्पॅनिश बोलणाऱ्या, दक्षिण अमेरिकेच्या पार टोकाशी असलेल्या देशात हे अस्सल आयरिश आडनाव आले कोठून? आयरिश भाषेत आडनावापुढचा तो ‘ओ’ म्हणजे ‘अमक्याचा वंशज’. तेव्हा हे आडनाव उच्चारताच माणूस आपले कूळ सांगतो. ज्याच्यावरून हा संघ ओळखला जातो, त्या बर्नार्दो ओ’हिगिन्सला मात्र ऐन तरुणपणापर्यंत हे कूळ सांगण्याची मुभा नव्हती. मला ही हकीकत संघापेक्षा अधिक ओढून घेऊन गेली, म्हणून ती येथे सांगतो.

बाप आम्ब्रोसिओ हा आयर्लंडमधल्या स्लायगो परगण्याचा. घरची गरिबी, त्यातून कॅथलिक. इंग्रजांच्या राज्यात वर येण्याला वाव नाही. नशीब काढायला तो स्पेनला गेला, व्यापार करून पाहिला, तो फसला, आणि अखेर चाळिशी उलटल्यावर स्पेनच्या राजाच्या चाकरीत चिलीला पोचला. अँडीज पर्वताच्या घाटात हिवाळ्यात टपालवाले बर्फात गाडले जात. त्यांच्या आसऱ्यासाठी त्याने पक्क्या विटांच्या झोपड्या बांधवल्या. तिथून त्याचे दैव उघडले. फौजेत चढत गेला, १७८८ साली चिलीचा गव्हर्नर झाला आणि १७९६ साली पेरूचा व्हाइसरॉय. स्पॅनिश अमेरिकेत यापेक्षा मोठे पद नव्हते. आयर्लंडच्या खेड्यातला एक पोर लिमाच्या राजवाड्यात बसला!

पण या चढणीच्या मधल्या एका टप्प्यावर चियान गावी त्याची ईसाबेल रिकेल्मे या तरुणीशी गाठ पडली. ती चांगल्या घराण्यातली, वयाने विशीच्या आतली. तो साठीला टेकलेला. राजाच्या अधिकाऱ्याला स्थानिक मुलीशी लग्न करायचे तर वरून परवानगी लागे. लग्न झाले नाही. २० ऑगस्ट १७७८ रोजी बर्नार्दो जन्मला. मूल चार वर्षांचे झाल्यावर त्याला आईपासून काढून ताल्का येथे बापाच्या एका पोर्तुगीज व्यापारी मित्राच्या घरी ठेवण्यात आले. पुढे चियानला फ्रान्सिस्कन पाद्र्यांच्या शाळेत मापुचे सरदारांच्या मुलांबरोबर तो शिकला. त्यांची भाषा त्याला येऊ लागली ती तिथे. मग लिमा, मग स्पेनमधले कादिझ, मग वयाच्या सतराव्या वर्षाच्या सुमारास लंडन. पैसे बापाचे, पण बाप स्वतः दूर. मुलगा व्हाइसरॉयचा, आणि सही करायची ती आईच्या आडनावाने: बर्नार्दो रिकेल्मे.

आपल्याकडे ‘बापाचे नाव लावणे’ असा शब्दप्रयोग आहे. मराठीत तो फार सहज वापरला जातो. महाविद्यालयात प्रवेशाचा अर्ज भरताना आपण मधल्या रकान्यात ते नाव न थांबता लिहून टाकतो. बर्नार्दोच्या लंडनच्या दिवसांबद्दल वाचताना मला तो रकाना आठवत राहिला. त्याच्या खर्चाचे पैसे ज्या दोघा घड्याळजींच्या हवाली होते त्यांनी ते त्याच्या हाती नीट पडू दिले नाहीत. तो बापाला पत्रे लिही. उत्तर येत नसे.

याच लंडनमध्ये त्याला फ्रान्सिस्को दे मिरांदा भेटला. व्हेनेझुएलाचा हा गृहस्थ स्पेनच्या सगळ्या अमेरिकन वसाहती स्वतंत्र करण्याचे स्वप्न उराशी धरून युरोपभर हिंडत होता. वरवर गणिताचा शिक्षक, आणि आतून राजकारणाचा. बापाने ज्या राजाची चाकरी करून वैभव मिळवले, त्याच राजाचे राज्य उलथण्याची दीक्षा मुलाला अशी परदेशात मिळाली. ही बातमी लिमाला पोचली तेव्हा म्हातारा संतापला आणि मुलाला आश्रय देणाऱ्या कादिझच्या मित्राला त्याने त्याला घराबाहेर काढण्यास कळवले. त्याच सुमारास बर्नार्दो मायदेशी निघाला तर जहाज इंग्रजांनी पकडले. तो कफल्लक होऊन परत कादिझला आला आणि तिथे पीतज्वराने मरता मरता वाचला.

आणि १८०१ च्या मार्चमध्ये आम्ब्रोसिओ वारला. मृत्युपत्रात त्याने दक्षिण चिलीतली लास कांतेरास ही मोठी जहागीर, हजारो गुराढोरांसह, मुलाच्या नावे करून ठेवली होती. ज्या मुलाला जिवंतपणी दूर ठेवले, त्याच्यावर मरताना एवढी माया कोठून आली? पश्चात्ताप म्हणावा, की वय झाल्यावर रक्ताची ओढ म्हणावी? मला वाटते, पदाचे भय संपल्यावर माणूस जसा वागेल तसा तो वागला. १८०२ साली बर्नार्दो चिलीत परतला, आई आणि सावत्र बहीण रोसा यांना भेटला, शेतीत रमला, आणि आता सही करू लागला: बर्नार्दो ओ’हिगिन्स.

शेतकरी म्हणून तो सुखात जगला असता. पण १८१० साली, नेपोलियनने स्पेनचा राजा कैदेत टाकल्याच्या धामधुमीत, सान्तियागोमध्ये स्थानिकांचे शासनमंडळ स्थापन झाले. मिरांदाचा शिष्य गप्प बसणे शक्य नव्हते. १८११ च्या पहिल्या काँग्रेसमध्ये तो प्रतिनिधी होता, आणि लढाई पेटल्यावर, लष्करी शिक्षण नसताना, सेनापती. त्याचे धाडस निर्विवाद. डावपेच मात्र बेताचे. हे त्याच्या चाहत्यांनाही कबूल करावे लागते.

आता रांकाग्वाकडे येतो. १८१४ साली स्वातंत्र्यवाद्यांतच दुफळी होती. एकीकडे ओ’हिगिन्स, दुसरीकडे होसे मिगेल कार्रेरा हा तडफदार, घरंदाज, महत्त्वाकांक्षी तरुण. ऑगस्टअखेर दोघांच्या फौजा एकमेकींशी लढल्या, आणि तेवढ्यात स्पेनचा सेनानी ओसोरिओ चालून येत असल्याची वार्ता आली. घाईघाईने समेट झाला. १ ऑक्टोबरला ओ’हिगिन्स रांकाग्वाच्या चौकात शिरून बसला. चौकाला येऊन मिळणाऱ्या चार रस्त्यांवर कच्च्या विटांचे अडथळे उभारले. निशाणांवर काळ्या फिती बांधल्या; याचा अर्थ शरण जाणे नाही. शत्रूने गावात येणारा पाण्याचा पाट तोडला, घरांना आग लावली. दुसऱ्या दिवशी कार्रेराची तुकडी मदतीला येताना दिसली, आणि परत फिरली. का फिरली, यावर चिलीत आजही वाद होतात. दारूगोळा संपत आल्यावर ओ’हिगिन्सने उरलेल्यांना घोड्यांवर बसवले आणि अडथळ्यांवरून उड्या घेत शत्रूच्या फळीतून तो बाहेर पडला. मागे राहिले जळके गाव आणि प्रेते. चिलीच्या इतिहासात या लढाईला ‘रांकाग्वाचे अरिष्ट’ म्हणतात.

मग हजारो माणसे अँडीज ओलांडून अर्जेंटिनाच्या मेंदोसात पळाली. त्यात तो होता, त्याची आई होती, बहीण होती. ज्या पर्वतात बापाने टपालवाल्यांसाठी आसरे बांधले होते, तोच पर्वत.

मेंदोसात सान मार्तीन या अर्जेंटिनी सेनापतीने दोन वर्षे खपून फौज उभी केली. १८१७ च्या आरंभी तिने अँडीज ओलांडला आणि १२ फेब्रुवारीला चाकाबुको येथे विजय मिळवला. सान मार्तीनने चिलीचे प्रमुखपद नाकारले, ते ओ’हिगिन्सकडे आले. बरोबर वर्षाने, १२ फेब्रुवारी १८१८ रोजी स्वातंत्र्याची घोषणा झाली. मार्चमध्ये एका रात्रीच्या हल्ल्यात त्याच्या उजव्या हाताला गोळी लागली. ५ एप्रिलला मायपूच्या निर्णायक लढाईच्या अखेरीस तो तो जखमी हात घेऊनच रणांगणावर पोचला आणि घोड्यावरूनच त्याने सान मार्तीनला मिठी मारली. चिलीतल्या चित्रकारांनी ही मिठी अमर केली आहे.

सहा वर्षे त्याने राज्य केले. सरदारी पदव्या रद्द केल्या, दारावरची घराण्यांची चिन्हे काढवली. त्याचा स्वतःचा बाप मार्क्विस होता, हे लक्षात घ्यावे. ज्याला घराण्याने दाराबाहेर ठेवले त्याने घराण्यांची दारेच उघडी बोडकी केली, असे मला वाटून जाते. पण इतिहासाचे प्राध्यापक याला कादंबरी म्हणतील. बंद पडलेली राष्ट्रीय विद्यालयसंस्था आणि ग्रंथालय त्याने पुन्हा सुरू केले, सैनिकी शाळा काढली, सान्तियागोत वृक्षराजीचा हमरस्ता आखला (आज त्याला त्याचेच नाव आहे), आणि कोंबड्यांच्या झुंजींवर बंदी घातली. रिकाम्या तिजोरीतून आरमार उभारून २० ऑगस्ट १८२० रोजी, आपल्या वाढदिवशी, पेरूच्या मुक्तीसाठी मोहीम रवाना केली. एवढे केल्यावर जमीनदार, पाद्री आणि कोंबडे झुंजवणारे या सर्वांना तो नकोसा झाला असल्यास नवल नाही.

परंतु त्याच्या कारकिर्दीवर रक्ताचे डागही आहेत, ते झाकण्यात अर्थ नाही. कार्रेरा बंधूंपैकी दोघांना १८१८ साली आणि होसे मिगेलला १८२१ साली मेंदोसात गोळ्या घातल्या गेल्या. लोकांचा लाडका गनिमी लढवय्या मानुएल रोद्रिगेस १८१८ च्या मे महिन्यात पहाऱ्यातच मारला गेला. यात ओ’हिगिन्सचा हात किती, याचा निवाडा दोनशे वर्षांत झालेला नाही. हुकूम त्याचा नसेल. पण राज्य त्याचे होते. १८२२ च्या घटनेने त्याची मुदत वाढवली तेव्हा असंतोष उघड झाला, आणि दक्षिणेत त्याचाच जुना सहकारी फ्रेइरे उठला. २८ जानेवारी १८२३ रोजी सान्तियागोच्या नागरिकांच्या सभेत ओ’हिगिन्सने सत्ता सोडली. सैन्य वापरून टिकता आले असते काही दिवस. त्याने ते केले नाही. माझ्या मते मायपूपेक्षा हा दिवस त्याच्या मोठेपणाचा आहे.

पुढची एकोणीस वर्षे पेरूत गेली. आई, बहीण आणि कान्येते खोऱ्यातला मोन्ताल्वान हा उसाचा मळा. तिथे देमेत्रिओ नावाचा मुलगाही वाढला. १८१८ साली रोसारिओ पुगा या स्त्रीपासून झालेला हा त्याचा मुलगा. ओ’हिगिन्सने त्याला जवळ ठेवले, शिकवले. पण रीतसर आपला म्हणून कागदावर कधी मान्य केले नाही. हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवले होते. नावावाचून जगणे काय असते हे ज्याने सोसले, त्यानेच ते पोराच्या वाट्याला द्यावे! कारण कोणी सांगत नाही. पुढे मुलगा ओ’हिगिन्स हेच आडनाव लावू लागला.

चिलीने अखेर परतीचा मार्ग मोकळा केला तेव्हा त्याचे हृदय थकले होते. जहाज धरायला तो निघाला, पण दुखण्याने प्रवास झाला नाही. २४ ऑक्टोबर १८४२ रोजी लिमात तो वारला. १८६९ साली त्याच्या अस्थी मायदेशी आणल्या.

रांकाग्वाचा संघ त्यानंतर बराच उशिरा, ७ एप्रिल १९५५ रोजी जन्मला. जवळच एल तेनिएन्ते ही तांब्याची प्रचंड खाण आहे; ती तेव्हा ब्रेडन या अमेरिकन कंपनीकडे होती. आधी ‘ओ’हिगिन्स ब्रेडन’ असा जोडनावाचा संघ होता. तो आमेरिका या दुसऱ्या स्थानिक संघात मिळाला, आणि कंपनीचे नाव गळून पडले. १९६२ च्या विश्वचषकात इंग्लंडचे तिन्ही गटसामने याच गावी झाले. फेब्रुवारी २०१३ मध्ये बाहेरगावचा सामना पाहून परतणाऱ्या पाठीराख्यांची बस दरीत कोसळून सोळा जण गेले. त्याच वर्षी डिसेंबरात संघाने पहिल्यांदा राष्ट्रीय विजेतेपद मिळवले, आणि त्या रात्री रांकाग्वाच्या चौकात लोक ते आयरिश आडनाव घसा बसेपर्यंत ओरडत होते.