नाकारलेला अर्ज

बँकेत मंजूर केलेल्या कर्जांपेक्षा नाकारलेलीच मला जास्त आठवतात. रेवदंड्याच्या कोळीवाड्यातली चार पोरे एकदा माझ्या टेबलापुढे उभी राहिली. बेंजो पार्टी काढायची होती. बेंजो, ढोलकी, स्पीकर यांसाठी पैसे हवे होते. हळदी-लग्नांची कामे मिळतील, म्हणाले. मी तारण विचारले, ते नव्हते. पावसाळ्यात काय कराल, विचारले. पोरे एकमेकांकडे पाहू लागली. उत्पन्न अनिश्चित, असा शेरा मारून मी अर्ज परत केला.

पुढे पं. विष्णु दिगंबर पलुस्करांविषयी वाचताना तोच शेरा डोळ्यांपुढे आला. त्यांचाही अर्ज मी परतच केला असता.

कुरुंदवाडच्या कीर्तनकाराचा हा मुलगा, जन्म १८७२चा. लहानपणी दारूकामात डोळे अधू झाले, शाळा सुटली आणि मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे सुरू झाले. मिरज संस्थानचा आश्रय होता. पण एका समारंभाला शिष्याला बोलावणे आले आणि गुरूला आले नाही, कारण गुरू काय, गवई! असे सांगतात की ही गोष्ट त्यांच्या जिव्हारी लागली. १८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडली. बांधलेला पगार सोडणे काय असते, हे माझ्यासारख्या पेन्शनरला नेमके कळते!

सौराष्ट्रात त्यांनी तिकीट लावून जाहीर मैफल केली. सरदाराच्या मर्जीची बिदागी आणि चार अनोळखी माणसांनी खिडकीवर मोजलेले पैसे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय उघडले. राजाचे नव्हे, तर फी, देणग्या आणि मैफली यांवर चालणारे. घरंदाज मुलामुलींनी गाणे शिकावे म्हणून स्वतःची स्वरलिपी केली, पुस्तके छापली, छापखाना घातला, वाद्ये दुरुस्त करण्याची सोयही केली. होतकरू शिष्यांना जेवूखाऊ घालून वर्षानुवर्षे शिकवले, ते उद्या गावोगाव शिक्षक व्हावेत म्हणून. गवयाला पोट भरण्याचा हा दुसरा रस्ता त्यांनी आखून दिला.

१९०८ मध्ये विद्यालय मुंबईस आले. मग स्वतःची इमारत हवी झाली. सँडहर्स्ट रोडवर ती उभी राहिली, कर्ज काढून. इथे माझ्यातला बँकवाला जागा होतो. फी तुटपुंजी, शिष्यांचा खर्च अंगावर, आणि हप्ते भागवायचे ते एका माणसाच्या गळ्यातून. गळा बसला, दौरा लांबला, की व्याज थांबत नाही. दरबाराची मर्जी झुगारलेला माणूस सावकाराच्या तारखांना बांधला गेला. १९२४ मध्ये इमारतीचा लिलाव झाला. या व्यवहारात त्यांची चूक होती, असेच मी म्हणेन. पण इमारतीऐवजी ते पैसे मुदत ठेवीत ठेवणाऱ्याला लाहोरला विद्यालय काढण्याचे सुचलेही नसते.

पुढे नाशिकला रामनामात ते रमले. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेतच गेले. मुलगा दत्तात्रेय तेव्हा दहा वर्षांचा होता. पुढे तो डी. व्ही. पलुस्कर म्हणून गाजला. लिलावात निघाली ती इमारत. ओंकारनाथ ठाकूर, विनायकबुवा पटवर्धन, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर यांच्यावर कोणाची जप्ती येणार? त्याच वर्षी शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. आमच्या आळीतली मुलगी प्रवेशिकेची तयारी करते, ती त्याच मंडळाच्या परीक्षेची. तिच्या बाईंची महिन्याची फी एक तारखेला पोचली नाही, तर बाई स्पष्ट आठवण करून देतात.

त्या पोरांनी पैसे कुठून उभे केले, मी कधी विचारले नाही. माझ्या धाकटीच्या हळदीला तीच पार्टी आली होती. वाजवायला बसण्याआधी थोरल्याने अर्धे पैसे मागितले, मोजून घेतले आणि मगच ढोलकीला हात लावला.