जड पाण्याचे ट्रोनस्टाड

मी ओस्लोत सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे. स्वतः उभारलेलं स्वतःच मोडायची वेळ आलेला इथला एक माणूस मला फार मोठा वाटतो. रसायनशास्त्रज्ञ लेइफ ट्रोनस्टाड.

जन्म १९०३ चा, ओस्लोशेजारच्या बॅरुममधला. १९३३ मध्ये त्यांनी आणि योमार ब्रुन यांनी नोर्स्क हायड्रो कंपनीला वेमोर्क इथे जड पाणी बनवायचं सुचवलं. साध्या हायड्रोजनच्या जागी दुप्पट वजनाचा ड्युटेरियम असलेलं हे पाणी. अणुभट्टीत ते न्यूट्रॉनचा वेग कमी करतं, पण न्यूट्रॉन फारसे गिळत नाही. त्यामुळे नैसर्गिक युरेनियमवरही भट्टी चालते. १९४० मध्ये नॉर्वे घेतल्यावर जर्मनांनी नेमकं हेच पाणी हवं म्हणून उत्पादन वाढवायला लावलं.

१९४१ मध्ये बायको-मुलांना मागे ठेवून ट्रोनस्टाड इंग्लंडला निसटले. आपल्याच कारखान्यावरच्या घातपाताची आखणी त्यांनी तिथून केली. फेब्रुवारी १९४३ मध्ये नॉर्वेजियन तरुणांनी जड पाण्याची यंत्रणा उडवली. त्या रात्री एकही जीव गेला नाही.

लंडनमध्ये ते सुरक्षित होते. तरी ऑक्टोबर १९४४ मध्ये पॅराशूटने मायदेशी उतरले. ११ मार्च १९४५ ला मारले गेले. देश मुक्त व्हायला दोनच महिने उरले होते.

आपल्या अलिबागजवळ थळला जड पाण्याचा कारखाना आहे आणि तारापूरच्या दोन अणुभट्ट्या याच पाण्याच्या आधारे वीज बनवतात. ट्रोनस्टाड यांचा विरोध त्या पाण्याला कधीच नव्हता. ते कुणाच्या हाती पडतंय, याला होता.