वाल्डेमार हाफकिन : दोष पारखण्याची शिकवण

मुंबईतील परळच्या हाफकिन संस्थेचे नाव आपणांपैकी बहुतेकांनी ऐकलेले असते. ज्यांच्यामुळे ते पडले, त्या वाल्डेमार हाफकिन यांचे चरित्र मात्र फारसे कोणास ठाऊक नसते.

हाफकिन यांचा जन्म १८६० साली ओडेसा येथे ज्यू कुटुंबात झाला. विद्वत्ता असूनही केवळ जन्मामुळे त्यांना तेथे प्राध्यापकपद मिळू शकले नाही. पुढे पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी पटकीची लस तयार केली व १८९२ साली ती प्रथम स्वतःस टोचून घेतली.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. ग्रँट मेडिकल कॉलेजातील अपुऱ्या जागेत हाफकिन यांनी प्लेगचे जंतू मांसरसात वाढविले. रसावर तुपाचे थेंब सोडले की हे जंतू त्यांखाली झुंबराच्या लोलकांसारखे लोंबत वाढत. हीच त्यांची ओळख ठरली. ते उष्णतेने मारून केलेली लस त्यांनी १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःच टोचून घेतली. दोनच महिन्यांनी, १० मार्च रोजी, प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचे पुण्यात निधन झाले.

१९०२ साली पंजाबातील मुलकोवाल येथे एकाच बाटलीतील लस टोचलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. दोष प्रयोगशाळेवर आला. हाफकिन यांचे संचालकपद गेले. वास्तविक, धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. ते बंद बाटलीत वाढले असते तर दुर्गंधी सुटली असती. बाटली उघडताना तशी ती आली नव्हती. उलट, बूच काढण्याचा चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो न उकळताच वापरला गेला होता. रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी हा पुरावा मांडल्यावर १९०७ साली हाफकिन दोषमुक्त झाले. गेलेले पद मात्र परत मिळाले नाही. १९२५ साली परळच्या संस्थेस त्यांचे नाव देण्यात आले. १९३० साली स्वित्झर्लंडमध्ये त्यांचे निधन झाले.

आमच्या हुपरीत कस पाहिल्यावाचून चांदीचा भाव ठरत नाही. वसतिगृहात मुलांची पोटे बिघडली की पहिले बोट मात्र स्वयंपाक करणाऱ्या बाईकडेच वळते. आधी पाणी, भांडी, धान्य तपासावे; मग दोष ठरवावा, एवढे तरी आम्ही या चरित्रातून घेतले पाहिजे.