श्रीसमर्थांची जागृती व स्वप्न

मनुष्य सकाळी डोळे उघडतो तेव्हा रात्रीचे स्वप्न खरोखरच संपते, की जागेपणाच्या तळाशी ते तसेच वाहत राहते, हा प्रश्न फार प्राचीन आहे. दिवसा तारे दिसत नाहीत, म्हणून ते आकाशातून नाहीसे झाले असे कोणी मानीत नाही. सूर्याच्या तेजाने ते झाकले जातात एवढेच. स्वप्नांचेही असेच असेल काय? या प्रश्नाचा विचार करू लागले असता आपल्या कृष्णाकाठच्या एका थोर पुरुषाचे चरित्र डोळ्यांपुढे उभे राहते. ते म्हणजे श्रीसमर्थ रामदास. समर्थांनी सावधपणाचा उपदेश केला हे सर्वश्रुत आहे. परंतु जागेपण म्हणजे काय याविषयी त्यांनी किती खोल विचार केला होता, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते.

समर्थांचा जन्म शके १५३०, म्हणजे इ. स. १६०८ मध्ये, चैत्र शुद्ध नवमीस गोदावरीच्या खोऱ्यातील जांब या गावी झाला. हे गाव आज जालना जिल्ह्यात मोडते. मूळ नाव नारायण. वडील सूर्याजीपंत ठोसर, आई राणूबाई. गंगाधरपंत हे वडील बंधू. नारायण लहान असतानाच पित्याचे छत्र हरपले. मुलगा अतिशय खोडकर व चपळ. परंतु एके दिवशी तो घरात कोठेच सापडेना. शोधता शोधता आईस तो अडगळीच्या अंधाऱ्या खोलीत एकटाच बसलेला आढळला. काय करतोस असे विचारता, आपण विश्वाची चिंता करीत आहो, असे त्याने उत्तर दिले, अशी कथा चरित्रकार सांगतात. आईस त्या वेळी ते पोरकट वाटले असल्यास नवल नाही. तथापि त्या काळोखात जे बीज पडले, ते पुढे साठ वर्षे त्याच्या मनाच्या तळाशी वाढत राहिले.

बाराव्या वर्षी त्याचा विवाह ठरला. अंतरपाटापलीकडे वधू उभी होती. ब्राह्मणांनी मंगलाष्टके म्हटली आणि सावधान हा शब्द उच्चारला. तो शब्द आपण सर्वांनी शेकडो वेळा ऐकला आहे, आणि अक्षता टाकता टाकता विसरलोही आहो. नारायणाने मात्र त्याचा अर्थ ऐकला आणि तो मंडपातून निघून गेला. नाशिकजवळ टाकळी येथे त्याने बारा वर्षे तपश्चर्या केली. प्रातःकाळापासून माध्यान्हापर्यंत नदीच्या पात्रात उभे राहून जप करावयाचा, दुपारी माधुकरी मागावयाची, उरलेला वेळ अध्ययनात घालवावयाचा, असा त्याचा क्रम असे. पुढे आणखी बारा वर्षे त्याने हिंदुस्थानभर पायी भ्रमण केले आणि दुष्काळ, परचक्र व लोकांची दैन्यावस्था स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली.

या निश्चयाची किंमत केवळ त्याने एकट्याने दिली नाही. चोवीस वर्षांनी तो जांबेस परतला तेव्हा मुलासाठी रडून रडून आईची दृष्टी गेली होती, असे परंपरा सांगते. ती दृष्टी समर्थांच्या स्पर्शाने परत आली असेही तीच परंपरा म्हणते. चमत्कार कोणी मानो वा न मानो. थोर पुरुषाच्या स्वप्नाची झळ त्याच्या घरच्यांना लागते, ही गोष्ट वाचकाने नजरेआड करू नये.

इ. स. १६४४ च्या सुमारास समर्थ कृष्णेच्या खोऱ्यात आले आणि पुढील सारे आयुष्य त्यांनी मुख्यतः याच भागात वेचले. येथेच त्यांच्या चरित्रातील सुप्रसिद्ध स्वप्नाचा प्रसंग घडला. चाफळ येथे रामाचे देवालय उभारण्याचा त्यांचा संकल्प होता. परंतु मूर्ती कोठून आणावी हे ठरत नव्हते. तेव्हा स्वप्नात रामाने येऊन, अंगापूरच्या डोहात आपण आहो, असे सांगितले, आणि समर्थांनी कृष्णेच्या त्या डोहात बुडी मारून मूर्ती वर काढली, अशी कथा आहे. चाफळची स्थापना इ. स. १६४८ ची. श्रद्धावान हा दृष्टांत मानतील. चिकित्सक कदाचित असे म्हणेल, की जो पुरुष या खोऱ्यातून गावोगाव हिंडत होता, त्याच्या कानांवर त्या डोहाविषयीच्या गोष्टी पडल्या असतील, आणि दिवसा ऐकलेले रात्री मनाने जुळवून दिले असेल. कोणताही अर्थ घेतला तरी एक गोष्ट उरते. समर्थ ते स्वप्न सांगत बसले नाहीत. ते थंड पाण्यात उतरले.

त्यानंतरचे कार्य आपल्या दोन्ही जिल्ह्यांत आजही उभे आहे. समर्थांचे म्हणून जे अकरा मारुती प्रसिद्ध आहेत, त्यांपैकी चाफळचे दोन आणि शहापूर, मसूर, उंब्रज, माजगाव व शिंगणवाडी येथील एकेक मिळून सात साताऱ्याकडे आहेत. कृष्णेच्या बेटातील बहे व नागपंचमीकरिता ख्यात झालेले शिराळे हे दोन सांगलीकडे, आणि मनपाडळे व पारगाव हे कोल्हापूरकडे. मिरजेस त्यांच्या विदुषी शिष्या वेणाबाई यांचा मठ आहे. अडगळीच्या खोलीतील मुलाची चिंता अशा रीतीने दगड, चुना व तालीम यांच्या रूपाने दिवसाच्या उजेडात आली.

आता समर्थांचा विचार पाहू. दासबोध हा त्यांचा मुख्य ग्रंथ. त्यात वीस दशक व दोनशे समास आहेत. अठराव्या दशकात निद्रेवर एक संपूर्ण समास असून तो वाचताना हसू आवरत नाही. कोणी जांभया देतो, कोणी चुटक्या वाजवितो, कोणी डुलक्या घेतो, कोणी करकर दात खातो, कोणाचे मुंडासे गडगडत जाते, तर कोणी बरळतच उठून अंधारात फिरू लागतो. झोपेचे इतके बारीक निरीक्षण करणारा हा संन्यासी दुसऱ्या एका ठिकाणी मात्र गंभीर होतो. संसार हेच एक दीर्घ स्वप्न आहे, आणि माझे घर, माझे धन, माझी माणसे असे जे आपण दिवसभर म्हणत असतो, ते झोपेतील बरळण्यासारखेच आहे, असा त्याचा सिद्धान्त आहे. डोळे उघडे असले म्हणजे मनुष्य जागा झाला असे समर्थ मानीत नाहीत. जागृती, स्वप्न व सुषुप्ती या तिन्ही अवस्था येतात आणि जातात. त्या येताना व जाताना पाहणारा जो आहे, त्याला ओळखणे ही खरी जागृती होय.

आधुनिक शास्त्राने या प्रश्नाकडे निराळ्या वाटेने पाहिले आहे. इ. स. १९५३ मध्ये शिकागो येथे आसेरिन्स्की व क्लाइटमन या संशोधकांनी झोपेत डोळ्यांची बुबुळे वेगाने हलतात असे काळ असतात, आणि त्या वेळी उठविलेला मनुष्य बहुधा स्वप्न सांगतो, असे दाखविले. इ. स. १९९१ मध्ये लिनास व पारे यांनी असे मत मांडले, की स्वप्न व जागृती यांतील मेंदूचे मूळ व्यापार बरेच सारखे आहेत. भेद इतकाच, की जागेपणी इंद्रियांकडून येणारे ज्ञान त्या व्यापारांस लगाम घालते. इ. स. २०१० मध्ये किलिंग्जवर्थ व गिल्बर्ट यांनी २,२५० प्रौढ माणसांना दिवसात अवचित प्रश्न विचारून पाहिले, तेव्हा सुमारे ४७ टक्के वेळा त्यांचे मन हातातील कामावर नसून अन्यत्र भटकत होते. हे भटकणे म्हणजे प्रत्यक्ष स्वप्नच होय, असे शास्त्र म्हणत नाही. तथापि मन बाहेरच्या जगाशी बांधलेले नसले म्हणजे आपल्याच गोष्टी रचू लागते, ही गोष्ट आता नाकारता येत नाही. समर्थांनी ज्यास बरळणे म्हटले, त्याची ही दुसऱ्या वाटेने पटलेली ओळख आहे.

येथे एक शंका उत्पन्न होते. स्वप्न जर भ्रम, तर समर्थांनी स्वतः स्वप्नाचा आदर का केला? त्यांचे आनंदवनभुवन हे प्रकरण स्वप्नाचेच वर्णन आहे. रात्री जे पाहिले ते तसेच घडून येत आहे असे त्यात ते सांगतात, आणि दुष्टांचा संहार होऊन भूमी आनंदाने भरल्याचे चित्र रंगवितात. या विरोधाचा उलगडा त्यांच्या आयुष्यातच आहे. मी व माझे यांभोवती फिरणारे स्वप्न मनुष्यास नकळत ओढीत नेते. लोकांच्या हिताचे स्वप्न, ते ओळखून हाती धरले तर, त्याच मनुष्यास कामास लावते. स्वप्न दोन्हीकडे आहेच. एक आपल्याला चालविते, दुसऱ्यास आपण चालवितो.

इ. स. १६७६ पासून समर्थ परळीच्या किल्ल्यावर, म्हणजेच सज्जनगडावर, राहू लागले. तेथेच शके १६०३ च्या माघ वद्य नवमीस, इ. स. १६८२ मध्ये, त्यांनी देह ठेवला. आज गडावर त्यांची समाधी आहे, आणि खाली उरमोडीचे खोरे पसरलेले दिसते.

विद्यार्थी मित्रहो, वर्गात पुस्तक उघडे असते आणि मन भलतीकडेच असते, हा अनुभव आपणांपैकी कोणास नाही? त्यासाठी स्वतःला दोष देत बसण्यात अर्थ नाही; मनाचा तो धर्मच आहे. परंतु मन कोठे गेले होते हे पाहण्याची सवय आपणास लावून घेता येईल. ते जर वारंवार एकाच ठिकाणी जात असेल, तर ते स्थान कोणते, तेथे केवळ आपले सुख आहे की आणखी कोणाचे, आणि त्यापायी कोणाच्या डोळ्यांस पाणी येणार आहे, एवढे प्रश्न स्वतःस विचारावे. लग्नमंडपातील तो जुना शब्द याहून अधिक काही मागत नाही.